बायोलॉजीचे व्याख्या नसलेले प्रश्न (कोकण आवृत्ती)

सड्यावरचा | १४ मे, रात्री ९:१२

रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. सुट्टीत वाडीतली एफवाय-एसवायची पोरं शंका घेऊन येतात. वह्या उघडल्या की तेच ते: परासरण म्हणजे काय, सूत्री आणि अर्धसूत्री विभाजनातले दहा फरक, जिवाणू आणि विषाणू यांचा तक्ता. लिहितात धडाधड, अक्षरही छान. पण स्वयंपाकघरातली एखादी गोष्ट दाखवून "हे असं का?" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

म्हणून काही प्रश्न इथे टाकतो. उतारे चिकटवायचे नाहीत, आपल्या शब्दांत लिहायचं.

मोरी (लहान शार्क मासा) शिळी झाली की अमोनियाचा वास मारते. बांगडाही शिळा होतो, नासतो, पण तो वास वेगळा. का?

पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात पेशी किती?

आंबा, नारळ, काजू, फणस, सुपारी, भात. यातला आपण खातो तो भाग झाडाचा स्वतःचा की त्याच्या पुढच्या पिढीचा? आणि त्यात गुणसूत्रांचे संच किती? (हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न, त्यामुळे यावर घाई नको.)

तिसऱ्या (खायचे शिंपले) उकळल्यावर का उघडतात?

आंबोळीचं पीठ फुगतं ते कोणामुळे?

लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला) जी औषधं चालतात ती माकडतापाला का चालत नाहीत?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या वाळूतल्या कासवाच्या अंड्यात नर की मादी, हे कोणतं गुणसूत्र ठरवतं?

---

चाकरमानी | १४ मे, रात्री ९:४०

सर, मी कॉमर्सवाला. पण शहाळ्याचं उत्तर मला येतं: पन्नास रुपयांत एक पेला, पेशी फुकट.

---

मालवणी_मासो | १४ मे, रात्री १०:०५

आमच्याकडे मोरी आणली काय पयली कडकडीत पाण्यात टाकतत, मगे सुरयेन ती खरखरीत साल खरवडून काढतत. ताजी आसली तर वास येना नाय. दुसऱ्या दिसाक ठेवलास तर घरात रवाक गावाचा नाय. सोलां (कोकमाची) आणि हळद लावन ठेवली की वास कमी जाता. कित्याक तां माका म्हायत नाय, तुमी शिकलेल्यांनी सांगा.

---

एसवायवाली | १४ मे, रात्री १०:३१

मोरीचं मी सांगते. समुद्राच्या पाण्यात मीठ जास्त, माशाच्या रक्तात कमी. त्यामुळे बांगड्यासारख्या हाडाच्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. मोरी ही कूर्चेची. ती तसं न करता रक्तात युरिया साठवून ठेवते, म्हणजे आतलं आणि बाहेरचं जवळपास सारखं होतं. ती मेली की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. बांगड्यात युरिया नसतोच म्हणण्याइतका, मग अमोनिया कुठून येणार तेवढा?

पण सर, खरं सांगू? हे आमच्या पुस्तकात "शार्कमधील परासरण नियमन" म्हणून चार ओळींत आहे. आणि पेपरला येतं ते "परासरण नियमन म्हणजे काय, २ गुण". मोरीचा वास विचारत नाहीत.

---

सड्यावरचा | १४ मे, रात्री १०:५८

झकास. यात दोन गोष्टी घालतो.

युरिया इतका साठवायचा तर एक अडचण येते. युरिया प्रथिनांची घडी मोडतो. प्रयोगशाळेत आपण मुद्दाम त्यासाठी तो वापरतो. मग मोरीची स्वतःची प्रथिनं शाबूत कशी राहतात? तिच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं द्रव्य असतं, ते घडी सांभाळतं. युरियाच्या साधारण निम्म्या प्रमाणात असतं. ढोबळमानाने दोनास एक. एक बिघडवतं, दुसरं सावरतं. शिवाय तिच्या मूत्रपिंडात युरिया गाळून टाकायच्या ऐवजी बराचसा परत रक्तात ओढला जातो, आणि जादा मीठ बाहेर टाकायला आतड्याच्या शेवटाजवळ एक वेगळी ग्रंथी आहे.

आता मासोभाऊंच्या सोलांचं. अमोनिया अल्कधर्मी. कोकम, चिंच आम्ल. दोघांची गाठ पडली की अमोनियाचा अमोनियम क्षार होतो, तो हवेत उडत नाही, मग नाकाला कळत नाही. माशाचा जो नेहमीचा "मासळीचा वास" तो ट्रायमिथाइलअमाइनचा, तोही अल्कधर्मी. म्हणून लिंबू पिळलं की तोही बसतो.

प्रॅक्टिकलला आम्ही हिचीच लहान जात चिरायचो, स्कोलिओडॉन म्हणून. पोटात नाळेला जोडलेली पिल्लं निघाली की वर्गात एकदम शांतता. अंडी घालणारा तोच मासा, असं धरून बसलेली मुलं तिथे पहिल्यांदा खाली वाकून बघतात.

गुणांचं म्हणशील तर व्याख्या पाठ कर, जरूर कर. पण त्या चार ओळी तुझ्या लक्षात राहिल्या, कारण घरात मोरी येते.

---

गावठीडॉक्टर | १५ मे, सकाळी ७:२०

दवाखाना उघडायच्या आधी लेप्टोचं लिहून टाकतो. मी सिंधुदुर्गात आहे, हे दोन्ही आजार पाहिलेत.

लेप्टोस्पायरा हा जिवाणू. मळसूत्रासारखा पिळलेला, टोकं आकड्यासारखी वाकलेली. त्याच्या चालण्याची गंमत अशी की शेपट्या बाहेर लोंबत नाहीत, बाहेरच्या आवरणाच्या आत असतात, त्यामुळे तो सगळाच गिरमिटासारखा फिरतो. साध्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसत नाही, काळ्या पार्श्वभूमीचा लागतो. उंदराच्या मूत्रातून पाण्यात येतो, लावणीच्या चिखलात पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतो. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे लांब बूट घाला म्हणून कानी-कपाळी ओरडावं लागतं.

माकडतापाचा विषाणू. कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली सापडला, आमच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून. गोचिडीतून येतो. माकडं मरायला लागली की सावध व्हायचं.

आता औषध. लेप्टोला डॉक्सिसायक्लिन देतात. ते जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून त्याचं प्रथिन बनवणं थांबवतं. पेनिसिलिनही चालतं, ते पेशीभित्तीचं बांधकाम अडवतं. विषाणूला स्वतःचा रायबोसोम नाही, पेशीभित्ती नाही. तो आपल्याच पेशीचा कारखाना वापरतो. औषधाला मारायला जागाच नाही. एवढं ज्याला कळलं त्याला "विषाणूजन्य तापात अँटिबायोटिक का नाही?" हे वेगळं शिकवावं लागत नाही. (औषधं मनाने घेऊ नका, हे सांगितल्याशिवाय माझं जेवण पचत नाही.)

---

एसवायवाली | १५ मे, सकाळी ८:०३

डॉक्टर, मग आपल्या पेशीतही रायबोसोम असतातच की. डॉक्सिसायक्लिन ते का बंद पाडत नाही?

---

गावठीडॉक्टर | १५ मे, दुपारी २:१५

उत्तम. आपले रायबोसोम मोठे, ८०एस (एस हे ते किती वेगाने तळाशी बसतात त्याचं माप). जिवाणूंचे ७०एस, बांधणी वेगळी. औषध जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान तुकड्यावर बसतं, ३०एसवर. आपल्या लहान तुकड्यावर त्याची पकड फार कमी, आणि आपल्या पेशीत ते साठतही नाही तितकं. पण एक पळवाट राहते. आपल्या मायटोकॉन्ड्रियातले रायबोसोम जिवाणूंसारखे असतात. का असतात, ते तुझ्या पुस्तकात एंडोसिम्बायोसिसच्या (एका पेशीच्या आत दुसरी राहायला येणं) धड्यात बघ. ते वाचून परत इकडे ये.

---

बाणवली | १५ मे, दुपारी ३:०१

आमची गुहागरकडे वाडी आहे. शहाळ्याचं मी सांगते, पण मला पूर्ण माहीत नाही, सरांनी पुढे न्यावं.

पाच-सहा महिन्यांचं शहाळं फोडलं तर आत पाणीच. महिनाभराने आतल्या बाजूला बुळबुळीत, काचेसारखी पातळ मलई धरायला लागते, चमच्याने खरवडली तर तुटत नाही, लोळते. अजून थांबलं की ती पांढरी होऊन घट्ट खोबरं होतं. म्हणजे पाण्यातूनच खोबरं होतं, एवढं मला दिसतं. पण पाण्यात पेशी कशा असतील? पेशी म्हणजे भिंत आली, नाही का?

---

कलमवाला | १५ मे, संध्याकाळी ६:४४

बाणवलीताई, तुम्ही बरोब्बर तिथेच येऊन थांबलात. मी दापोलीचा कृषी पदवीधर, आता रोपवाटिका आहे.

कोवळ्या शहाळ्याच्या पाण्यात मोजता येतील अशा पेशी जवळजवळ नसतात. असतात ती मोकळी केंद्रकं. केंद्रक दुभंगतं, पुन्हा दुभंगतं, पण मधे भिंत पडत नाही. नुसती केंद्रकं पाण्यात तरंगतात. याला मुक्त केंद्रकी भ्रूणपोष म्हणतात. नंतर कडेला भिंती पडायला लागतात, पेशी तयार होतात, ती तुमची लोळणारी मलई. पुढे खोबरं. म्हणून "पेलाभर पाण्यात पेशी किती" याचं उत्तर शहाळं किती कोवळं यावर अवलंबून.

आणि हे सगळं म्हणजे भ्रूणपोष. बाळासाठी ठेवलेला डबा. बीजांडात दोन ध्रुवीय केंद्रकं आईची, त्यांना परागकणातलं एक नर केंद्रक येऊन मिळतं. तीन झाली. म्हणून नारळाच्या झाडाच्या पेशीत ३२ गुणसूत्रं, पण खोबऱ्याच्या पेशीत ४८. परागकणातलं दुसरं नर केंद्रक अंडपेशीला मिळतं, त्यातून भ्रूण. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ साली लिलीच्या फुलात दाखवलं. नारळाच्या पाण्यात वाढ करवणारी द्रव्यंही असतात. १९४१ मध्ये व्हॅन ओव्हरबीक यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण याच पाण्याच्या मदतीने वाढवून दाखवले. ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत आजही नारळाचं पाणी वापरतात.

---

बाणवली | १५ मे, संध्याकाळी ७:१०

म्हणजे शेजारच्या वाडीतल्या ठेंगू माडाचे पराग आमच्या उंच माडावर पडले, तर आमच्या नारळाच्या खोबऱ्यात त्याचाही वाटा येणार?

---

कलमवाला | १५ मे, संध्याकाळी ७:२८

येणार. तिसरा हिस्सा त्या ठेंगू माडाचा, दोन हिस्से तुमच्या माडाचे. पण सोडण (वरचं काथ्याचं साल) आणि करवंटी संपूर्ण तुमच्या माडाची. सोडण कोणत्या रंगाचं दिसेल ते पराग कोणाचा यावर नाही ठरत. तो नारळ रुजवलात तर येणारं झाड मात्र मिश्र. उंच बाणवली जातीच्या माडावर ठेंगूचा पराग घालूनच तर टी-डी (टॉल-ड्वार्फ, म्हणजे उंच-ठेंगू) संकरित रोपं करतात.

रुजलेला नारळ फोडला की आत तो पांढरा, हलका, गोडसर गोळा दिसतो ना, मुलं ज्याच्यावर तुटून पडतात? तो खोबऱ्याचा नाही. ते भ्रूणाचं बीजपत्र. ते फुगत फुगत आतली पोकळी भरतं आणि खोबरं शोषून कोंबाला पोसतं. म्हणजे एकाच फळात तीन मालक: करवंटी आईची, खोबरं तीन संचांचं, आणि तो गोळा बाळाचा.

---

सड्यावरचा | १५ मे, रात्री ९:०५

आता माझ्या लाडक्या प्रश्नावर आलात. पुढे जा कोणीतरी. आंबा?

---

एसवायवाली | १५ मे, रात्री ९:३३

आंब्याचा गर म्हणजे अंडाशयाची भिंत. म्हणजे आई. दोन संच, ४० गुणसूत्रं. बापाचं त्यात काही नाही. बाठीच्या आतली बी मात्र पुढची पिढी. बरोबर?

---

चाकरमानी | १५ मे, रात्री ९:५०

थांबा. आमच्या गावाला काका कायम भांडतात शेजाऱ्याशी, की तू हापूसच्या बाजूला रायवळ लावलास, माझा हापूस बिघडणार. म्हणजे काकांचं चुकतं?

---

कलमवाला | १५ मे, रात्री १०:१४

गराच्या बाबतीत काकांना काळजी नको. पराग रायवळचा असो की कोणाचाही, हापूसच्या झाडावर लागलेला आंबा हापूसच, कारण गर झाडाचा स्वतःचा. बाठ लावाल तर मात्र काका बरोबर. हापूसच्या बाठीपासून हापूस येत नाही, आणि त्याला रायवळ जबाबदार नाही, हापूस स्वतःच जबाबदार आहे. हापूस हा जनुकीयदृष्ट्या मिश्र. अर्धसूत्री विभाजनात त्याच्या २० जोड्यांची वाटणी होते. नुसत्या जोड्यांच्या वाटणीनेच २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ प्रकारच्या जनन पेशी होऊ शकतात. जनुकांची अदलाबदल तर धरलीच नाही. त्यातून पुन्हा हापूस जुळून येण्याची आशा करायची नाही. म्हणून कलम: नुसतं सूत्री विभाजन, हुबेहूब प्रत.

पश्चिम किनाऱ्यावरच्या काही जातींत एका बाठीतून अनेक रोपं येतात आणि त्यातली बरीचशी आईसारखीच असतात, कारण ती फलनाशिवाय, आईच्याच ऊतीतून झालेली असतात. हापूस तसा नाही. एक बाठ, एक भ्रूण.

आणि मुद्दाम मिश्रण करायचं असेल तर फायदाही होतो. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्यापासून रत्ना काढला, १९८१ मध्ये. मग रत्ना आणि हापूसपासून सिंधू, १९९२ मध्ये, त्याची कोय अगदी पातळ.

---

एसवायवाली | १५ मे, रात्री १०:३०

मग सगळे हापूस एकमेकांच्या प्रती असतील तर देवगडचा आणि रत्नागिरीचा वेगळा का लागतो? घरात यावरून दोन तट आहेत.

---

कलमवाला | १५ मे, रात्री १०:४२

दिसतं, चवीला लागतं ते जनुक आणि परिस्थिती दोन्ही मिळून. कातळ, मातीची खोली, समुद्राचा वारा, पाऊस कधी थांबला, मोहर कधी आला. शिवाय शेकडो वर्षं कलमं बांधताना शरीरपेशींत बारीकसारीक उत्परिवर्तनं साठत जातात, त्यामुळे "हुबेहूब" हेही थोडं सैल धरावं. २०१८ साली हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. घरातल्या तटांनी हे लक्षात घ्यावं.

---

सड्यावरचा | १६ मे, सकाळी ६:५०

उरलेली मी संपवतो, नाहीतर पाऊस येईल.

काजू. बोंड म्हणजे फळाचा फुगलेला देठ, आईचा. खरं फळ ते खाली लटकलेलं. टरफलातलं तेल हातावर उततं, तेही आईचंच. फोडून खातो तो गर मात्र भ्रूण, दोन जाड बीजपत्रं. म्हणजे काजूगर खाताना आपण बाळ खातो. (हे जेवताना सांगू नये, घरच्यांचा अनुभव.)

फणस. एक फणस म्हणजे शेकडो फुलांचा गठ्ठा. फलन झालेल्या फुलाचा वाढलेला मांसल परिदलपुंज (फुलाचं बाहेरचं आवरण) म्हणजे गरा. गऱ्यांच्या मधल्या त्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे फलन न झालेली फुलं. दोन्ही आईचे. आठळीत पुढची पिढी.

सुपारी. हिच्यासाठी मी दरवर्षी वर्गात अडकित्ता न्यायचो. पातळ काप काढा आणि उजेडात धरा. पांढऱ्या भागात तपकिरी वाकड्या रेघा आत शिरलेल्या दिसतात. पांढरा भाग भ्रूणपोष, गुणसूत्रांचे तीन संच. तपकिरी रेघा म्हणजे बीजाच्या आवरणाच्या घड्या, आईच्या, दोन संचांच्या. अर्ध्या नखाएवढ्या कापात दोन पिढ्या एकमेकींत घुसलेल्या. सूक्ष्मदर्शक लागत नाही.

भात. तूस आईचं. कोंड्याचा बाहेरचा थरही आईचाच. पॉलिश करून उरतो तो पांढरा दाणा भ्रूणपोष: झाडात २४ गुणसूत्रं, दाण्यात ३६. टोकाचा बारीक अंकुर बाळाचा, तो गिरणीत निघून जातो. जीवनसत्त्व ब बहुतेक कोंड्यात आणि अंकुरात असतं. उकडा तांदूळ करताना साळ भिजवून वाफवतात तेव्हा त्यातलं काही दाण्यात उतरतं, म्हणून पेजेला तो चांगला. आजीचं याबाबतीत ऐकावं.

---

मालवणी_मासो | १६ मे, सकाळी ९:१५

आणि कोकम विसारलात? परसात बियेपासून झाडां लावली, निम्मी नर निघाली. फळ एकाक नाय.

---

कलमवाला | १६ मे, सकाळी १०:०२

कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून लावली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत कळत नाही. तोपर्यंत वर्षं गेलेली असतात. म्हणून मादी झाडाचं कलम घ्या, थोडे नर परागासाठी ठेवा. एसवायवालीला गणित: चार बिया लावल्या, चारही नर निघण्याची शक्यता किती?

---

एसवायवाली | १६ मे, सकाळी १०:०९

सोळात एक. मासोकाका, तुमचं नशीब तेवढं वाईट नव्हतं.

---

निंबोणी | १६ मे, दुपारी १२:४०

आंबोळी कोणी घेतली नाही म्हणून मी. शाळेत शिकवलेलं यीस्ट. खरं तर मुख्य काम ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स या जिवाणूचं. तांदूळ आणि उडीद भिजवतो, वाटतो, रात्रभर ठेवतो. हा जिवाणू उडदावर आणि तांदळावर मुळातच असतो. तो साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतो, त्याने आंबटपणा, आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याने फुगणं. वायू धरून ठेवायला उडदाचा बुळबुळीतपणा हवा. नुसत्या तांदळाच्या पिठात बुडबुडे येतील, पण ते टिकणार नाहीत. घावनाला आंबवणं नसतं म्हणूनच घावन जाळीदार असलं तरी ते पातळ पिठाचं आणि तापलेल्या तव्यावरच्या वाफेचं काम.

थंडीत पीठ फुगत नाही, तेव्हा भांडं चुलीजवळ. हे जीवशास्त्र प्रत्येक घरात पाठ आहे.

---

एसवायवाली | १६ मे, दुपारी १:२२

तिसऱ्यांबद्दल शंका. शिंपला बंद ठेवणारे स्नायू असतात, ते मेल्यावर ढिले पडतात, म्हणून उघडतात, एवढं वाचलंय. पण मेल्यावर एटीपी (पेशीला ऊर्जा देणारं द्रव्य) संपलं की स्नायू ताठ होतात ना? मग शिंपला आणखी घट्ट बंद व्हायला हवा!

---

सड्यावरचा | १६ मे, दुपारी ४:३०

याच्यासाठी तुला पेपरमध्ये कोणी गुण देणार नाही, मी इथे देतो.

रिकामा शिंपला हातात घे. आत दोन्ही टोकांना एकेक गुळगुळीत ठसा दिसेल. तिथे बंद करणारे स्नायू चिकटलेले होते. बिजागरीजवळ बाहेरच्या बाजूला तपकिरी, रबरासारखा लवचीक पट्टा असतो. तो शिंपला उघडायच्या दिशेने सतत ताणलेला असतो. म्हणजे बंद राहायला स्नायूंना काम करावं लागतं, उघडायला नाही. उघडणं फुकट.

उकळत्या पाण्यात स्नायूंची प्रथिनं गोठतात आणि स्नायू शिंपल्यापासून सुटतो. मग पट्टा जिंकतो. ताठरपणा येतो खरा, पण तो तात्पुरता. नंतर स्नायूतली प्रथिनं विघटन होऊन ढिली पडतात, आणि पुन्हा पट्टाच जिंकतो. म्हणून बाजारात कच्च्या तिसऱ्या उघड्या दिसल्या आणि टकटक केल्यावरही मिटल्या नाहीत तर घ्यायच्या नाहीत. ती मेलेली असते, आणि कधी मेली ते सांगता येत नाही.

कासवाचं कोणीतरी घ्या आता.

---

गावठीडॉक्टर | १६ मे, रात्री ८:०५

फसवा प्रश्न आहे. ऑलिव्ह रिडलेमध्ये लिंग ठरवणारं गुणसूत्रच नाही. वाळूचं तापमान ठरवतं. उबवणीचा मधला तिसरा भाग महत्त्वाचा. २९ अंशांच्या आसपास निम्मे-निम्मे, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त. उष्णतेने अरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) जास्त सक्रिय होतं आणि नर संप्रेरकांचं स्त्री संप्रेरकांत रूपांतर करतं.

वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून अंडी हलवून कुंपणातल्या घरट्यात ठेवायला सुरुवात केली. अंडी हलवायची ती घातल्यावर काही तासांतच. नंतर भ्रूण कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, आणि मग अंडं उलटं झालं तर मरतो. नवं घरटं मूळ घरट्याच्याच खोलीचं करावं लागतं, कारण खोली बदलली की तापमान बदललं, आणि तापमान बदललं की नर-मादीचं प्रमाण.

---

चाकरमानी | १६ मे, रात्री ८:३१

म्हणजे उन्हाळा वाढत गेला तर सगळ्या मुलीच?

---

सड्यावरचा | १६ मे, रात्री ९:००

तसं होतं आहे. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली छापून आला, त्यात लहान वयाच्या कासवांपैकी ९९ टक्के माद्या निघाल्या. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांची सावली घरट्यावर पडते की नाही, हेही म्हणून बघण्यासारखं.

---

एसवायवाली | १६ मे, रात्री ९:४८

आता माझा एक प्रश्न. आमच्या वर्गात आलेला, मला तेव्हा सुटला नाही. आई-वडील दोघांचा रक्तगट एबी. मूल ओ. सगळ्यांनी लिहिलं "शक्य नाही". सरांनी शून्य दिलं सगळ्यांना.

---

गावठीडॉक्टर | १६ मे, रात्री १०:२०

शक्य आहे, आणि हे उत्तर मुंबईतलंच. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत ते ओळखलं, म्हणून त्याचं नाव बॉम्बे रक्तगट. लाल पेशीवर ए किंवा बी बसवायला आधी एच नावाचा पाया लागतो. पायाचं जनुक दोन्हीकडून निकामी असेल तर वर ए-बी बसवणारी विकरं असूनही काही बसत नाही. चाचणीत तो माणूस ओ दिसतो. एका जनुकाने दुसऱ्याला झाकलं.

दोन्ही पालक एबी आणि एचसाठी एक चांगलं, एक निकामी असं धर. मुलांचं गुणोत्तर काढ.

---

एसवायवाली | १६ मे, रात्री १०:४१

ए ३, एबी ६, बी ३, ओ दिसणारे ४. सोळात चार!

---

गावठीडॉक्टर | १६ मे, रात्री १०:४५

शाब्बास. आणि त्या चौघांना साधं ओ रक्त देऊ नका. ओवाल्याच्या पेशीवर एच असतो, यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात. बॉम्बेला बॉम्बेच लागतं.

---

मालवणी_मासो | १७ मे, सकाळी ६:३०

माकुलाचा (स्क्विडाचा) रगत निळसर दिसता तां कित्याक? उद्या माकुला येतली, पोरगी विचारता.

---

सड्यावरचा | १७ मे, सकाळी ७:१५

आपल्या रक्तात लोह, माकुलाच्या रक्तात तांबं. हिमोसायनिन. प्राणवायू मिळाला की निळं, नाही मिळाला तर जवळजवळ बिनरंगी. हृदयं तीन: दोन कल्ल्यांसाठी, एक बाकीच्या अंगासाठी.

आणि पोरीला आणखी एक दाखवा. माकूल उभं चिरून पिशवी उलगडली की आतल्या भिंतीवर, डोक्याच्या बाजूला, डावीकडे-उजवीकडे एकेक चांदणीच्या आकाराची पांढरी गाठ दिसते. तिच्यातून पांढरे दोरे चहूकडे जातात. यातले जाड दोरे म्हणजे एकेक मोठा चेतातंतू, मोठ्या माकुलात मिलिमीटरभर जाडीचा. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये हे तंतू संशोधकांच्या नजरेस आणले. इतका जाड असल्याने हॉजकिन आणि हक्स्ली यांना त्यात विजेची तार घालून चेतासंदेश मोजता आला, १९५२ मध्ये त्यांनी त्याचं गणित मांडलं, १९६३ मध्ये नोबेल. सोडियम आत, मग पोटॅशियम बाहेर, हे जे ही पोरं पाठ करतात ते सगळं या दोऱ्यातून आलं.

चिरताना आधी पाठीच्या आतला तो पारदर्शक काटा ओढून काढा, नाहीतर सुरी अडकते. शाईची पिशवी फोडू नका.